काय काय गेलं

मी दुकानातून घरी आलो तेव्हा दार उघडं होतं. सताड नव्हे. चार बोटं, आत कुणीतरी आहे आणि जरा वारा यावा म्हणून ठेवावं तेवढं. त्यामुळं चोरबीर पहिल्यांदा डोक्यात आलंच नाही. मी नेहमीसारख्या चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि स्वयंपाकघराकडे बघत म्हणालो, "आलो गं." उत्तर आलं नाही. येणार कुठून, बायको उन्हाळ्यापासून तिच्या मावशीकडे होती. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. सकाळी एकट्याचा चहा करून, एकट्याचा कप विसळून मीच बाहेर पडलो होतो. पण दार उघडं दिसल्यावर पाय जुन्या सवयीनं आत गेले आणि तोंड हाक मारून मोकळं झालं. मग माझी हाक मलाच ऐकू आली. मग आठवलं, ती इथं नाही. आणि त्यानंतर, म्हणजे सगळ्यात शेवटी, भीती वाटली. हा क्रम मी कुणाला सांगितला नाही. घरात चोर शिरलाय असं कळल्यावर माणूस आधी घाबरतो अशी लोकांची समजूत असते. मला आधी आनंद झाला होता, हे सांगायचं कुठल्या तोंडानं?

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. जिन्यात जरा खुट्ट झालं की खाली येतात, आणि मी तर बहुतेक मोठ्यानं काहीतरी बोललो असणार, कारण ते काठी घेऊनच आले. "कशालाही हात लावू नका," असं मला बजावून त्यांनी स्वतः कपाटाची मूठ, टेबलाचा खण, खिडकीची खिट्टी असं सगळं हाताळून पाहिलं. पोलिसांना फोनही त्यांनीच केला. पोलीस आला तो दिवसभराचा दमलेला होता. त्यानं दारासमोर उकिडवं बसून कुलूप पाहिलं. तोडलेलं नव्हतं. चौकटीचा टवकासुद्धा उडाला नव्हता. मग गुडघ्यांवर हात ठेवून तो उठला आणि त्यानं विचारलं, काय काय गेलं?

मी खोलीच्या मध्यावर उभा राहून आजूबाजूला बघितलं. टीव्ही होता. घड्याळ होतं, चालूही होतं. कपाट उघडलं तर कपडे होते; घड्या विस्कटल्या होत्या, पण त्या माझ्याच हातच्या. बाकी या घरात काय काय होतं, हे मला आठवेना. म्हणजे वस्तू डोळ्यांसमोर होत्या त्या होत्याच, पण ज्या नव्हत्या त्या आज गेल्या, का ती जाताना घेऊन गेली, का मुळात कधी नव्हत्याच, हे कसं ओळखायचं? वरच्या फळीवर एक चौकोनी जागा बाकीच्या लाकडापेक्षा गडद राहिली होती. तिथं काहीतरी असायचं. काय असायचं? मी इतकी वर्षं त्या फळीखालून ये-जा केली आणि मान वर करून एकदाही पाहिलं नाही. दागिन्यांचं पोलिसानं विचारलं, मी म्हणालो असतील. असतील म्हणजे काय, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, ते बायकोला माहीत. त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "घर तुमचंच ना?" मास्तर हसले. मीही हसलो. पण नंतर भांडी घासताना ते वाक्य परत आलं, आणि दुसऱ्यांदा काही त्याचं हसू आलं नाही.

किल्ल्यांचंही त्यानं विचारलं होतं. किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक बायकोकडे. बायको कुठे असते? मावशीकडे, याच शहरात, नदीपलीकडे. कधीपासून? इथं मी अडखळलो. मावशी न्हाणीघरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं, त्यांना दुसरं कुणी नाही, म्हणून ती आठ दिवसांसाठी गेली. लहान बॅग घेऊन गेली. आठाचे पंधरा झाले, हाड जुळायला वेळ लागतो म्हणून महिना झाला, मग मावशींना काठी घेऊन चालायची सवय व्हावी म्हणून आणखी काही दिवस. मधे एकदा येऊन तिनं मोठी बॅग नेली. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून बॅगेची चेन ओढली. ती बॅगेवर बसली होती, मी ओढत होतो, आणि दोघं चांगले हसलोसुद्धा. कुणी भांडलं नाही. मी जाते असं ती म्हणाली नाही, जाऊ नकोस असं मी म्हणालो नाही. आता मावशी बाजारात जाऊन भाजी आणतात, हे मला तिनंच फोनवर सांगितलं. मी म्हणालो, अरे वा, छान झालं. आणि आम्ही फोन ठेवला. आता यातलं पोलिसाला काय सांगणार? मी सांगितलं, मावशी आजारी आहेत, येईलच एवढ्यात. त्यानं मान हलवली. मान हलवायची त्याची तऱ्हा मला आवडली नाही.

खरी भानगड पुढंच होती आणि ती मी पोलिसाला सांगितलीच नाही. आमचं दार नुसत्या किल्लीनं उघडत नसे. लाकूड कधीतरी फुगलं, बिजागरी खाली बसली, आणि तेव्हापासून किल्ली घालून दार खांद्यानं जरासं वर उचलायचं आणि मगच फिरवायची, अशी आमची रीत पडली होती. पाहुण्यांना किल्ली दिली तर ते बिचारे जिन्यात घामाघूम होत. सुतार बोलवायचं आम्ही दरवर्षी ठरवायचो. ती म्हणायची, असू दे रे, हीच आपली राखण. चोर आला तर कंटाळून परत जाईल. आता विचार केला तर गोष्ट सरळ दोन बाजूंना फाटत होती. एक तर कुणी सराईत चोर होता, हत्यारानं अलगद कुलूप उघडणारा, आणि त्याला नेमकं दार उचलायचं सुचलं. नाहीतर दार उचलायचं जिला माहीत होतं तीच आली होती, मी दुकानात असताना, मुद्दाम, मला न सांगता. तिसरीही एक बाजू होती. सकाळी निघताना मीच कुलूप लावायला विसरलो असेन. पण त्या सकाळचं काही केल्या आठवेना. कुलूप लावलेल्या हजार सकाळी आठवत होत्या, त्यात ही कुठली ते कळत नव्हतं.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. माणसाला खुर्चीत बसवायचं, नाकावर चौकट ठेवायची, एकामागून एक भिंग घालायचं आणि विचारत राहायचं, आता स्पष्ट दिसतंय की आधी? हे की हे? लोक घाबरतात. शिकलेसवरलेले लोक परीक्षेला बसल्यासारखे घाबरतात, आणि शेवटी हरून म्हणतात, दोन्ही सारखंच वाटतंय. मी त्यांना सांगतो, इथं चुकीचं उत्तर नसतं, दिसेल ते सांगा. त्या आठवड्यात मी दिवसभर हे विचारत होतो आणि मनात माझं वेगळंच चाललं होतं. चोर की ती? चोर असला तर बरं. मग ती माझ्या माघारी लपूनछपून आली नाही. पण चोर असला तर ती आलीच नाही. ती असली तर ती आली, या खोल्यांतून फिरली, कदाचित पलंगावर टेकलीही. पण मग मी नाही हे बघून आली, आणि काहीतरी घेऊन गेली, आणि ते काय हे मला अजून कळलेलं नाही. एका बाईच्या डोळ्यांवर मी तेच भिंग दोनदा ठेवलं आणि विचारलं, हे की हे? ती म्हणाली, दुसरं जास्त चांगलं. मी लिहून घेतलं. मग भानावर आलो आणि सगळं पहिल्यापासून तपासलं. उठताना तिनं दुसरं कुणी तपासायला आहे का, असं बाहेर विचारलेलं मला ऐकू आलं.

तोवर बातमी ताईपर्यंत पोचली होती. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिच्यापर्यंत बातमी पोचत नाही असं होत नाही. तिनं आल्या आल्या दाराला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, कुलूप बदल. मी म्हणालो, तोडलेलं नाही ना. ती म्हणाली, तोडलेलं नाही म्हणूनच बदल; ज्याच्याकडे किल्ली आहे तो परत येईल. मी म्हणालो, किल्ली कुणाकडे असणार? यावर ती गप्प बसली. ताई गप्प बसते तेव्हा फार बोलते. मास्तरांनीही भर घातली. दाराला आतून साखळी हवी, खिडकीला गज हवेत, आणि मुख्य म्हणजे लोकांना कळू द्यायचं नाही की घरात माणूस एकटा आहे. त्यांनी सुचवलं की बाहेर बायकी चपलांचा एक जोड ठेवत जा, चोर दबकतो. मी ते ऐकून घेतलं. दाराबाहेर बायकोच्या जुन्या चपला होत्याच. त्या मी उचलल्या नव्हत्या याचं कारण मास्तरांना वाटलं त्याहून वेगळं होतं.

मी आज करतो, उद्या करतो असं चालवलं. कुलूपवाला आजारी आहे असं सांगितलं; असा कुणी कुलूपवाला मला माहीतही नव्हता. कारण एवढंच होतं, आणि ते मला स्वतःला अगदी लख्ख माहीत होतं: तिची किल्ली या दाराला लागते तोवर ती नुसती मावशीकडे गेलेली आहे. ज्या दिवशी लागणार नाही त्या दिवशी ती घर सोडून गेलेली असेल, आणि ते तिनं नव्हे, मी केलेलं असेल. इतके महिने आम्ही दोघांनी जे तोंडातून काढलं नाही ते एक माणूस येऊन चार स्क्रू पिळून सांगून टाकणार होता. तिला फोन करून, बाई गं, असं असं झालं, कुलूप बदलतोय, असं सांगणं सरळ होतं. पण मग ती म्हणेल, बदल की. ते 'बदल की' मला ऐकायचं नव्हतं. म्हणून चोरीचंही मी तिला सांगितलं नाही. फोन होत होते. मावशींचं कसं, दुकानाचं कसं. घरात कुणीतरी शिरून गेलं, एवढं सोडून मी तिला सगळं सांगत होतो.

शेवटी ताईच एका सुट्टीच्या दिवशी कुलूपवाल्याला घेऊन आली. "तुझ्या भरवशावर राहिले तर बैल गेला नि झोपा केला," असं म्हणाली. बैल गेलेलाच होता, पण तिच्याशी कोण वाद घालणार. कुलूपवाला बडबड्या होता. जुनं कुलूप काढता काढता नव्याची थोरवी सांगत होता. माझं लक्ष नव्हतं. जुनं कुलूप निघालं तेव्हा दाराला एक भोक पडलं आणि त्यातून जिना दिसायला लागला, जिन्यावरचा उजेड, पलीकडची भिंत. इतकी वर्षं आपण ज्याला घर म्हणतो ते एवढ्याशा लोखंडानं बंद होतं, हे बघून मला कसंसंच झालं. त्यानं रंधा मारून दार सारखं केलं, बिजागरी वर घेतली. आता उचलावं लागणार नाही, लहान पोरसुद्धा उघडेल, असं तो कौतुकानं म्हणाला. मी म्हणालो, छान. त्यानं साखळीही बसवली. जाताना ताईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. जुनं कुलूप कुलूपवाला मोडीत नेतो म्हणाला. मी नाही म्हणालो. कशाला हवंय ते त्यानं विचारलं नाही, आणि मला सांगता आलं नसतं.

त्यानंतर घर सुरक्षित झालं आणि माझी झोप उडाली असं म्हणायला हवं, पण तसं नव्हतं. झोप चांगली लागत होती. बिघडलं होतं ते संध्याकाळचं. दार सहज उघडायचं. खांदा आपोआप पुढं व्हायचा, उचलायला काही नसायचं, आणि मी दुसऱ्या कुणाच्या घरात पडल्यासारखा आत पडायचो. मग उगाच दबकत चालायचो. कपाट उघडताना आवाज होऊ नये असं बघायचो. एकदा मी माझ्याच खणात काहीतरी शोधत होतो आणि जिन्यात पावलं वाजली तर हात झटकन बाहेर काढला. कुणाचं घर, कुणाचा चोर, माझं मलाच कळेनासं झालं. तेवढ्यात पोलिसाचा फोन आला. काही गेलं असेल तर सांगा, नसेल तर हे मिटवून टाकतो. मी म्हणालो, उद्या सांगतो. आणि उद्याला सांगायचं तर या घरात काय होतं हे ज्या एका माणसाला माहीत होतं त्याला विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं. दार, मास्तर, पोलीस. कुलपाचं सांगितलं नाही. ती ऐकत होती. इतके दिवस सांगितलं नाही म्हणून रागावेल असं वाटलं होतं, पण तिनं एवढंच विचारलं, तू घरात होतास का तेव्हा? नव्हतो म्हटल्यावर तिनं श्वास सोडलेला ऐकू आला. मग ती कामाला लागली. फोन कानाला लावून मला तिनं खोलीखोलीतून फिरवलं. पलंगाखालची पेटी ओढ. आत रजया आहेत? त्यांच्या खाली हात घाल, डबी लागते का? लागली. उघडू नको, आहे तशी ठेव. माळ्यावर मोठा कुकर आहे का बघ. आपल्याकडे मोठा कुकर आहे? आहे रे. होता. शिवणाचं मशीन, तिच्या वडिलांचं दुर्बिणीचं खोकं, मला कधी न दिसलेला एक काचेचा जग. जिथं ती म्हणे तिथं ती ती वस्तू निघत गेली. नदीपलीकडे बसून ती माझ्यापेक्षा या घरात जास्त होती. फळीवरची चौकोनी जागा मी भीत भीत सांगितली. ती म्हणाली, तिथं रेडिओ होता, तो तू दुरुस्तीला टाकलास, गेल्या वर्षी. मग मलाही आठवलं. म्हणजे काहीच गेलं नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण चोर म्हणावा असा चोर आता उरला नव्हता.

"एक विचारू?" मी म्हणालो. "तू आली होतीस का?"

 मागं मावशींचा खोकला ऐकू आला, भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"मी आले असते तर जाताना दार लावून गेले असते," ती म्हणाली.

यात राग होता की नाही ते मला समजलं नाही. तिचं म्हणणं खरं होतं, एवढं मात्र समजलं. तिनं आयुष्यात कधी दार उघडं टाकलं नाही. मोठी बॅग घेऊन गेली तेव्हासुद्धा, मी हात हलवायला खिडकीत जाऊन उभा असताना, तिनं बाहेरून दार नीट ओढून घेतलं होतं. म्हणजे चोर नव्हता, ती नव्हती. मीच उघडं टाकून गेलो होतो, आणि त्या माझ्याच विसरभोळेपणापासून बचाव म्हणून मी तिची किल्ली निकामी केली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला ते आता लपवून ठेवता येईना. मी म्हणालो, मी कुलूप बदललं. ताईनं आणलं माणूस. साखळी पण बसवली. ती म्हणाली, बरं केलंस. मी ज्या दोन शब्दांना महिनाभर भीत होतो जवळजवळ तेच ते, आणि आता ते ऐकून झाले होते, आणि मी अजून फोन धरून दारापाशी उभाच होतो. पुढं काय बोलायचं ते माहीत नसल्यामुळं मी तिला नवं कुलूप समजावून सांगायला लागलो. उचलायचं वगैरे नाही आता, नुसती किल्ली घालायची आणि डावीकडे फिरवायची, लगेच उघडतं.

"हे मला कशाला सांगतोयस?"

मी म्हणालो, असंच. माहीत असावं. पुन्हा खोकला ऐकू आला. मला वाटलं आता ती ठेवते म्हणेल.

"डावीकडे म्हणजे आतून की बाहेरून?" तिनं विचारलं.

मला सांगता येईना. मी रोज उघडत होतो, पण ते हाताला माहीत, मला नाही. थांब, बघून सांगतो, म्हणालो. एका हातात फोन, आणि घाई एवढी की तिनं प्रश्न मागं घेण्याच्या आत उत्तर द्यायला हवं होतं. मी अनवाणी जिन्यात गेलो, बाहेरून बघायचं म्हणून दार ओढून घेतलं आणि किल्ली फिरवायला हात पुढं केला. हातात किल्ली नव्हती. नव्या कुलपाच्या तिन्ही किल्ल्या आत टेबलावर होत्या. दार ढकललं, हललं नाही. ओढलं की आपोआप लागतं, हे कुलूपवाल्यानं त्या बडबडीत सांगितलं असणार. मी दारावर तळहात टेकवून उभा राहिलो. आत दिवा चालू होता, खालच्या फटीतून उजेड माझ्या पावलांवर येत होता.

"काय झालं?" ती विचारत होती. "अरे बोल ना."

"मी बाहेर राहिलो," मी म्हणालो.

ती हसली असं मला वाटलं. आवाज हसण्याचाच होता, पण तो मधेच तुटला. मी सांगितलं, काही नाही, कुलूपवाल्याला बोलावतो, तू काळजी करू नकोस. त्याचा नंबर ताईकडे आहे हे सांगायला गेलो तर तिनं मला थांबवलं. मावशींना ती काहीतरी म्हणाली, ते मला नीट ऐकू आलं नाही. चपला सरकवल्याचा आवाज मात्र आला.

"तिथंच थांब," ती म्हणाली.

"अगं, पण तुझी किल्ली लागणार नाही."

"ते कळलं मला. तू तिथंच थांब."

फोन बंद झाला. मी काही वेळ तो कानालाच धरून होतो. ती येतेय म्हणजे काय, येऊन परत जायला येतेय, का कसं, आणि आली तरी उघडणार काय आणि कसं, यातलं काहीच मला सांगता आलं नसतं. वर मास्तरांचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं. मी वरच्या पायरीवर बसलो. मग उठलो, शेजारची जागा शर्टाच्या बाहीनं पुसली, आणि भिंतीकडे जरा सरकून बसलो.